गेमला कॉपी प्रोटेक्शन लावावं का, आणि काढावं कधी

आधी पायरसी आणि बुडालेली विक्री यांची गल्लत थांबवा. फुकट खेळणारा प्रत्येक जण गेम विकत घेणारच होता असं धरलं, की तोट्याचा आकडा फुगतो. क्रॅक (संरक्षण फोडून काढलेली फुकट प्रत) उशिरा आला तर किती जास्त प्रती खपतात, एवढंच पाहायचं.

डेनुवो हे कॉपी प्रोटेक्शन लावलेल्या ८६ पीसी गेमांवरचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे कामाचा आहे. पहिल्याच आठवड्यात क्रॅक आला तर उत्पन्न सरासरी सुमारे २० टक्के घटतं. १२ आठवड्यांनंतर आला तर जवळपास काहीच नाही. म्हणून हे संरक्षणाचं कुलूप पहिल्या तीन महिन्यांपुरतं लावा आणि काढायची तारीख ते पुरवणाऱ्या कंपनीशी करार करतानाच ठरवा. मे २०१६ मध्ये आलेल्या 'डूम' या गेममधून डेनुवो त्याच वर्षी डिसेंबरात काढलं गेलं.

प्रत अस्सल आहे का हे तपासणारा कोड लेव्हल लोड होताना चालवा. दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला) धावणाऱ्या फंक्शनमध्ये घातला तर गेम अडखळू शकतो, कारण ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. कुलपासह आणि कुलपाविना अशा गेमच्या दोन्ही बिल्ड (आवृत्त्या) एकाच मशीनवर चालवा. नुसत्या सरासरीवर विसंबू नका; सर्वांत मंद १ टक्का फ्रेम ताडून बघा, दुखणं तिथेच सापडतं.

इन्स्टॉलची संख्या मात्र कधीच बांधू नका. 'स्पोर' या गेमने २००८ मध्ये तीन ॲक्टिव्हेशनची अट घातली. चोरी थांबली नाहीच, उलट पैसे मोजलेले ग्राहक भडकले.

सर्व्हरवरच चालणाऱ्या गेमला वेगळं कुलूप नको, खात्याची तपासणी पुरते.