प्रोटीन पावडरचा डबा घेण्याआधी

जिम लावून आठवडा होत नाही तोच कुणीतरी विचारतं, ‘प्रोटीन चालू केलंस का?’ डबा काही स्वस्त नसतो. पैसे मोजण्याआधी थोडी तपासणी करून घ्या.

आधी आपल्या ताटाचा हिशेब मांडा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन ६० किलो असेल, तर साधारण ५० ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, मूठभर शेंगदाण्यांतून ७, वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम मिळतात. भाकरी, दही धरलं की बरंचसं भरून निघतं. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत तर २५ ग्रॅम असतात, पण त्यांची जाहिरात कोण करणार? वजनं उचलणाऱ्याला प्रथिनं जास्त लागतात, हे खरं. तीही आधी ताटातून वाढवून बघा.

मग किडनीचं काम नीट चाललंय का हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्या. धडधाकट माणसाची किडनी प्रोटीनने बिघडते, असं ठामपणे म्हणता येत नाही. पण मधुमेह किंवा बीपी असेल, तर किडनीचा आजार बराच काळ लक्षणांशिवाय वाढू शकतो. अशांनी आणि मुतखडा होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाही घेऊ नये.

आता डबा फिरवून मागचं वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक हवाच. साखर किती, तेही बघा. ग्लायसीन, टॉरिन ही सुटी अमिनो आम्लं वेगळी घातली असतील तर सावध व्हा. नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजून प्रोटीन ठरवतात, त्यामुळे नायट्रोजन असलेल्या असल्या स्वस्त घटकांनी आकडा फुगवता येतो. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’, म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण, असं लिहिलं असेल, तर कशाचं प्रमाण किती ते कळतच नाही. ग्रीन टीचा अर्क, अश्वगंधा अशी भर घातलेला डबा मी तरी घेणार नाही. या दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केरळच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये भारतात विकली जाणारी ३६ उत्पादनं तपासली, तेव्हा जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. काहींत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विषही सापडलं.

पिल्यावर पोट फुगलं, जुलाब झाले, तर बहुधा दुधातली साखर पचत नाही. व्हे म्हणजे दुधापासून काढलेलं प्रोटीन; त्याच्या ‘कॉन्सन्ट्रेट’ प्रकारापेक्षा जास्त शुद्ध केलेल्या ‘आयसोलेट’मध्ये ही साखर कमी असते. पण डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी बंद करा आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत न्या. ‘औषधं कुठली चालू आहेत?’ या प्रश्नाला पावडरचं नाव सहसा कुणी सांगत नाही.