सेकंडहँड स्मार्टवॉच घेताय? आधी हे बघा

तब्येतीवर लक्ष ठेवायला जुनं स्मार्टवॉच मस्त चालतं, फक्त पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोरच त्याच्या अकाउंटमधून काढून फॅक्टरी रीसेट करायला लावा, नाहीतर अ‍ॅपल वॉच अ‍ॅक्टिव्हेशन लॉकमुळे (जुन्या मालकाच्या अकाउंटचं कुलूप) तुमच्या फोनला जोडलंच जाणार नाही. मागची सेन्सरची काच नीट बघा, तिथे खोल ओरखडे किंवा घामाचा थर असेल तर ठोके मोजणाऱ्या हिरव्या लाईटचं रीडिंग गडबडतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधा, घट्ट पण रुतणार नाही असा, मग शांत बसून दुसऱ्या हाताच्या नाडीवर बोटं ठेवा, 30 सेकंद ठोके मोजून दुप्पट करा आणि घड्याळाशी ताडून बघा. दोन-चारचा फरक चालतो, पण परत परत वीसेकचा येत असेल तर घेऊच नका.

वय-वजन स्वतःचं टाका, कॅलरीचा हिशोब त्यावरही असतो.

आणि एखाद्या आकड्याने घाबरू नका हो, रेस्टिंग हार्ट रेट (शांत बसलेलं असतानाचे मिनिटाचे ठोके) दोन-तीन आठवडे बघा, नेहमीपेक्षा चढाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखत असेल तर मात्र घड्याळ काहीही म्हणो, सरळ हॉस्पिटल गाठा.

पोहताना काढून ठेवा, जुन्या घड्याळाचं सील सैल झालेलं असू शकतं.