कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाताय? आधी कानात तेल घालणं बंद करा

पावसाळा लागला की ईएनटीकडे गर्दी होते, दमट हवेत कानात बुरशी धरते ना, आणि आपल्याकडे कान खाजला की पहिला उपाय ठरलेला, लसूण टाकून कोमट केलेलं तेल. बुरशीला ते तेल म्हणजे मेजवानीच. वर दुसऱ्या दिवशी डॉक्टर कानात बघतात तर पडदा दिसतच नाही, नुसता तेलकट चिखल, मग आधी सक्शन लावून ते साफ करण्यातच वेळ जातो. आणि पडद्याला भोक असलं तर तेल सरळ मधल्या कानात. म्हणून अपॉइंटमेंट घेतली की कानात काऽही घालायचं नाही, बड नाही, हेअरपिन नाही, स्कूटरची चावी तर नाहीच (हसू नका, लोकं घालतात). मळ मऊ करायचे थेंब डॉक्टरांनीच दिले असतील तर गोष्ट वेगळी, ते चार-पाच दिवस टाकायचे, त्यात मळ फुगून कान अजून बंद वाटतो, घाबरू नका.

आता कधी वाट बघायची नाही ते. सकाळी उठलात आणि एका कानाने ऐकूच येत नाही, असं झालं तर आपण म्हणतो सर्दी असेल, मळ असेल, बघू आठवडाभर. तिथेच घात होतो. कानाची नस अचानक गेली असेल तर स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, दोन आठवडे उलटून गेले की फायदा खूप कमी होतो. घरी एक करून बघा, तोंड मिटून "हूंऽऽ" असा आवाज काढा, तो बंद कानात मोठा वाटला तर बहुतेक मळ किंवा पाणी असतं, चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेचा संशय धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अर्थात हा नुसता अंदाज, मोठा बंद कानात वाटला म्हणून घरी बसू नका, तपासणी हवीच.

लहान पोराने बटण सेल गिळला किंवा नाकात-कानात घातला तर क्लिनिक किती वाजता उघडतं ते बघत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, कारण अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजायला लागतं. आणि पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतोय तर ती सर्दी नव्हे, शेंगदाणा, मणी, स्पंज काहीतरी आत बसलंय, चिमट्याने घरी ओढायला जाऊ नका, अजून आत जातं.

घोळणा फुटला तर मान मागे टाकून कांदा हुंगवायची पद्धत आता सोडा बाबांनो, रक्त घशात उतरतं बस. पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबायचा, तोंडाने श्वास. तरी थांबत नसेल, त्यात बीपी किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर निघाच.

तंबाखू, मिश्री, विडीवाल्यांसाठी वेगळं सांगतो: आवाज बसून तीन आठवडे झाले किंवा तोंडातलं फोड तेवढ्यात भरलं नाही तर दाखवायचंच, दुखत नसलं तरी. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे म्हणे, टपरीवर काय मिळतं ते आपल्याला माहितीये.

कोणाकडे जायचं? पाटीवर एमएस ईएनटी, डीएनबी किंवा जुन्या डॉक्टरांची डीएलओ ही डिग्री बघा. श्रवणयंत्राच्या दुकानात "फ्री कान तपासणी" असते ती आधी करायला जाऊ नका, ते दुकान आहे, मशीन विकणं त्यांचं काम, कानात नुसता मळ असला तरी मशीन कानाला लागायची. खर्चाची चिंता असेल तर केईएम, ससून किंवा तुमच्या जिल्ह्याचं सिव्हिल आहेच, फक्त सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा.

जाताना मोबाईलवर चार ओळी लिहून न्या, कुठला कान, कधीपासून, वाहतो का, वास येतो का. चक्कर असेल तर नीट सांगा, घर गरगर फिरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि किती वेळ टिकतं. कूस बदलली की काही सेकंद गरगरतं असं असेल तर बऱ्याचदा डॉक्टर तिथेच झोपवून डोकं ठरावीक पद्धतीने फिरवतात आणि आराम पडतो, पण तुम्ही नुसतं "चक्कर येते" म्हणालात तर त्यांना कसं कळणार. नाक मोकळं करायचे थेंब मेडिकलमधून आणून महिनोनमहिने टाकत असाल तर तेही लपवू नका, पाचेक दिवसांपेक्षा जास्त टाकले की त्या थेंबांनीच नाक चोंदायला लागतं.

आत गेल्यावर दुर्बीण घालायची म्हटलं की लोकांचे हातपाय गार. आधी सुन्न करायचा स्प्रे मारतात, नंतर अर्धा-पाऊण तास काही खाऊपिऊ नका, घसा बधिर असतो, ठसका लागतो. ऐकण्याच्या टेस्टमध्ये बारीकसा आवाज आला तरी बटण दाबा, पण अंदाजाने दाबत सुटू नका, रिपोर्ट खोटा येतो.

नाकाचं हाड वाकडं निघालं तर लगेच ऑपरेशनला हो म्हणू नका, थोडंफार वाकडं खूप जणांचं असतं, त्रास त्याचाच आहे का आणि आधी स्प्रेने बघता येईल का हे विचारा. उलट कान वर्षानुवर्षं घाण वासाचा वाहतोय आणि डॉक्टर म्हणाले आत हाड सडतंय, तर तिथे चालढकल नको, ते मेंदूपर्यंत पोचू शकतं.

स्प्रे दिला तर मारायची पद्धत तिथेच दाखवायला सांगा. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं औषध घशात. स्टेरॉइडचा स्प्रे असेल तर नीट फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी "काय उपयोग नाही" म्हणून बाटली फेकू नका.