घरामागचा ओढा उगमापर्यंत कसा शोधावा

नव्या वाटा धुंडाळायला दूरच्या डोंगरातच जावे लागते असे नाही. ज्या पुलावरून रोज कामाला जाता, त्याखालचे पाणी कुठून येते? या एका प्रश्नावर दोन-तीन रविवार सहज खर्ची पडतात, आणि ओळखीचे गाव वेगळे दिसू लागते.

आधी नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवा. त्यावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. बारमाही पाणी निळ्या रंगात आणि हंगामी ओढे काळ्या रेषेत दाखवलेले असतात. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) ओढा ओलांडताना दुमडतात. दुमडीचे टोक नेहमी उगमाच्या दिशेला असते, त्यामुळे ओढ्याची रेषा पुसट असली तरी वरची बाजू ओळखता येते. मोबाइलवरचा उपग्रह नकाशा सोबत ठेवा, पण भरवसा फक्त त्यावर नको. झाडीखालचा आणि स्लॅबखालचा ओढा त्यात दिसत नाही.

जिथे दोन फाटे मिळतात तिथे कोणता मुख्य धरायचा, हे निघण्यापूर्वीच ठरवा. लांब असलेला फाटा धरणे सोयीचे. हे न ठरवता गेलात तर प्रत्येक संगमावर जी वाट सोपी तीच 'मुख्य' वाटू लागते.

पावलांचे माप

टेपने १०० मीटर मोजून घ्या आणि नेहमीच्या चालीने चाला. फक्त उजवे पाऊल टेकले की एक मोजा. असे तीनदा करून सरासरी काढा. बहुतेकांची ६० ते ७० च्या दरम्यान येते. चढावर पाऊल आखूड पडते, म्हणून चढाचे माप वेगळे घ्या. नाहीतर डोंगराकडचे अंतर वहीत फुगते.

वहीत पेन्सिलनेच लिहा, शाई ओलीने पसरते. पानाचे दोन भाग करा: 'दिसले' आणि 'वाटले'. 'काठाला उंबर आहे' हे डावीकडे, 'म्हणजे इथे जमिनीत ओल टिकत असावी' हे उजवीकडे. साऱ्या खटाटोपात ही सवय सर्वांत मोलाची आहे. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले की पुढच्या फेरीत काय तपासायचे तेच कळत नाही.

कधी आणि कसे निघावे

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. पावसाळ्यात पात्रात उतरूच नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरातल्या पावसाने पुण्यातला आंबिल ओढा फुगला आणि माणसे दगावली. वर डोंगरात पाऊस पडला की खाली आभाळ कोरडे असतानाही लोंढा येऊ शकतो. सोबत एक जण, काठी आणि गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर शहरातल्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. शेतातून किंवा सोसायटीतून जायचे असेल तर आधी विचारा. विचारलेत की जुनी माणसे ओढ्याची जुनी वाटही सांगतात.

एका दिवशी ४ किलोमीटर पुरेत. दर ५०० मीटरला थांबून रुंदी, खोली आणि वेग नोंदवा. वेगासाठी १० मीटरचा सरळ टप्पा निवडा, वाळकी काटकी सोडा आणि सेकंद मोजा. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा वेगाने वाहते, म्हणून येणाऱ्या वेगाला ०.८ ने गुणा. समजा रुंदी २ मीटर, खोली ०.१५ मीटर आणि काटकीला २५ सेकंद लागले: वेग ०.४, गुणून ०.३२, आणि प्रवाह सेकंदाला सुमारे ९६ लिटर. फाट्यावर दोन्ही बाजूंना हे माप घेतले की पाणी कुठून जास्त येते ते कळते.

ओढा गायब झाला तर

शहरात हे होणारच. पात्र रस्त्याखाली जाते आणि पुढे दिसत नाही. अशा वेळी रस्त्याचा सर्वांत खोलगट भाग आणि पुलाच्या कठड्याचे उरलेले तुकडे शोधा. नावेही कामी येतात. सारसबागेतल्या गणपतीला 'तळ्यातला गणपती' म्हणतात, कारण पेशवाईत तिथे खरेच तळे होते आणि आंबिल ओढ्याचे पाणी त्यात येई. तळे गेले, नाव राहिले.

उन्हाळ्यातही नाला भरून वाहत असेल तर झरा सापडला म्हणून हरखू नका. ते बहुधा सांडपाणी असते. वास, फेस आणि काळसर गाळ यांवरून ओळखा.

उगम म्हणजे नेमके काय

गोमुखासारखी एकच जागा सापडेल अशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल. कधी उगम म्हणजे तलावाचा सांडवा असतो. मुंबईची मिठी नदी विहार आणि पवई तलावांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यापासून सुरू होते. डोंगरात मात्र काळ्या कातळाच्या थरांकडे बघा. वरचा थर सच्छिद्र, झिजलेला आणि खालचा घट्ट असेल तर मुरलेले पाणी त्या सांध्यातून बाजूला पाझरते. उतारावर एकाच उंचीला हिरवळीची आडवी रेघ दिसली तर तिथे हात लावून ओल बघा.

सर्वांत वरचे ओले ठिकाण नकाशावर तारखेसह मांडा. तारीख महत्त्वाची, कारण ते ठिकाण दिवाळीत वर असते आणि होळीपर्यंत खाली सरकते. किती सरकले, हे मोजायला त्याच वाटेने पुन्हा जा.