घारापुरीला ताटं मोजायला जाण्याआधी

ताटं मोजायची म्हणजे बेटावरच्या घरांत कोण काय आणि किती खातं, ते तोलून लिहायचं. वही, पेन, पाणी, टोपी हे सांगायला नको. वजनकाटा ५ किलोचा, पण १ ग्रॅमचा फरक दाखवणारा, सेल जास्तीचे. आणि दुसरं भांडं. टरफलांचं. मागच्या वेळी मी तेच नेलं नव्हतं.

घारापुरीच्या राजबंदर गावात एका मावशींनी तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं केलं होतं. मी वाटी काट्यावर ठेवली, आकडा लिहिला आणि स्वतःवरच खूश झाले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतले आकडे खाण्याजोग्या १०० ग्रॅमचे असतात, माझ्या वाटीत बहुतेक वजन शिंपल्यांचं. घरी येऊन हिशोब मांडला तर त्यांची ५ वर्षांची नात पैलवानाचा खुराक खात होती. अख्खी वही बाद!

म्हणून जेवणाआधी वाटी तोला आणि जेवण झाल्यावर शिंपले, माशाचे काटे, चिंबोरीच्या (खेकड्याच्या) चोखून टाकलेल्या नांग्या तोला. मग वजाबाकी. जेवण आधीच उरकलं असेल, तर 'किती ग्रॅम?' विचारू नका. इथे मासळी वाट्याने, म्हणजे ढिगावर, घेतात. तसाच एक वाटा आपण विकत घ्यायचा, उकडायचा, मांस आणि शिंपले वेगळे तोलून प्रमाण काढायचं. कंटाळा येतो, पण करा. भांडं घेतलंत ना?

तारीख बघून ठरवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा ताटात सुकी मासळी: जवळा, सोडे, सुके बोंबील. ओला बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, त्याला सुक्याचा आकडा लावू नका. सोमवारी लेणी बंद, गेटवेहून लाँच नाही, त्यामुळे अनेकांचा बिनमासळीचा वार नोंदीत येतच नाही. मंगळवारी पहिली लाँच पकडा आणि 'काल काय खाल्लंत?' विचारा. सोमवार मिळाला.

भात लिहाल तर शिजलेला की कच्चा तांदूळ, तेही लिहा. तेलाचा महिन्याचा डबा भागिले खाणारी माणसं. पळी त्यांचीच, पाणी भरून मापा. मुंबईला कामाला गेलेल्याने वडापाव खाल्ला का, ते त्यालाच विचारा, बायकोला नव्हे. बाकी तिथे सुचेल.

रात्रीचं जेवण मात्र दिसणार नाही, परतीची लाँच त्याआधीच सुटते. झाकणाचं भांडं मावशींकडे ठेवून या. 'शिंपले यात टाका, धुऊ नका, मांजराला देऊ नका.' सकाळी येऊन तोला.