एरी सरोवरात वॉलाय धरायला जाताय? या चुका टाळा

वॉलाय म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, आणि अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं, एरीकाठचं पोर्ट क्लिंटन स्वतःला जगाची वॉलाय-राजधानी म्हणवतं. 31 डिसेंबरच्या मध्यरात्री इथे फायबरग्लासचा अवाढव्य वॉलाय क्रेनने खाली उतरवून नवं वर्ष सुरू करतात, इतकं या माशाचं वेड. डेट्रॉइट, कोलंबस, क्लीव्हलंडकडची आपली मंडळी हल्ली चार-सहा जण जमवून इथली चार्टर बोट (कॅप्टनसकट भाड्याने मिळणारी) ठरवतात. बेत उत्तम आहे, पण बऱ्याच सहली बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच बिघडलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एरीला तळं समजणं. क्षेत्रफळ सुमारे 25,700 चौरस किलोमीटर, आणि उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत सर्वांत उथळ. पश्चिमेकडच्या भागात, जिथे वॉलायची गर्दी असते, तिथे सरासरी खोली जेमतेम 7-8 मीटर. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकीला लागून एक येतात. समुद्राच्या लांब लाटेवर बोट चढते-उतरते, इथे नुसती आपटत राहते. ईशान्येचा वारा तर सरोवराच्या लांबीवरून जोर धरून थेट या टोकाला येतो. म्हणून फोनवर ऊन-पावसाचं चिन्ह बघून निघू नका. अमेरिकी हवामान खात्याचा किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठीचा वेगळा अंदाज असतो, त्यात वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची फुटांत दिलेली असते. तो वाचा.

आणि पहाटे कॅप्टनने ‘आज नाही’ म्हटलं तर वाद घालू नका. ‘आम्ही तीन तास गाडी हाकून आलोय, तासभर तरी न्या’ अशी गळ घालणारे असतात. त्या माणसाचा रोजचा धंदा बुडतोय, तरी तो नाही म्हणतोय, यातच सगळं आलं. बुकिंग करतानाच विचारून ठेवा: हवामानामुळे रद्द झालं तर आगाऊ पैसे परत मिळतात की दुसरी तारीख?

उलट चूकही होते. आरशासारखं शांत पाणी, लख्ख ऊन, मंडळी खूश, आणि मासा गप्प. वॉलायच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात, जरा गढूळ पाण्यात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. शिकारीत त्याची सरशी तिथेच होते. पाण्यावर फूट-दीड फुटाची लाट आणि वर थोडे ढग, असा दिवस मिळाला तर नाराज होऊ नका.

महिना चुकतो, बंदर चुकतं

ऑगस्टची सुट्टी मिळाली म्हणून पोर्ट क्लिंटनची बोट ठरवायची आणि मे महिन्यातल्या फोटोंसारखी रास अपेक्षायची, हे जमत नाही. वॉलाय मार्च-एप्रिलमध्ये मॉमी आणि सँडस्की नद्यांत आणि पश्चिमेकडच्या खडकाळ उथळ्यांवर अंडी घालतो. मे-जूनमध्ये तो पश्चिम भागात भरपूर असतो. पाणी तापलं की मोठे मासे पूर्वेकडे, खोल आणि थंड पाण्याकडे सरकतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पूर्वेकडच्या व्हर्मिलियन, लोरेन किंवा क्लीव्हलंड बंदरांतल्या बोटींची चौकशी करा.

ऑगस्टची दुसरी अडचण म्हणजे हिरवं शेवाळ. 2014 च्या ऑगस्टमध्ये त्याच्या विषामुळे एरीचंच पाणी पिणाऱ्या टोलीडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर त्यात हात बुचकळू नका, मुलांना खेळू देऊ नका आणि मासा स्वच्छ पाण्यानेच धुवा.

परवाना

चार्टरच्या भाड्यात परवाना येत नाही. ओहायोत 16 आणि त्यापुढच्या प्रत्येकाला स्वतःचा मासेमारी परवाना लागतो. एक दिवसाचाही मिळतो, ऑनलाइन काढता येतो. जानेवारी ते एप्रिलमध्ये बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांना एरीसाठी जादा परवाना जोडावा लागतो. गेली काही वर्षं मर्यादा माणशी दिवसाला 6 वॉलाय आणि किमान लांबी 15 इंच अशी आहे. 14 इंचाचा मासा पुन्हा पाण्यातच जातो, तिथे घासाघीस नाही.

गळाला लागलेला मासा सुटतो का?

इथे मात्र थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त हळहळ इथेच होते. रॉड वाकला की नवखा माणूस जोरात हिसका मारतो. ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत नेताना, बोट थांबत नाही, गळ आधीच रुतलेला असतो, आणि हिसक्याने वॉलायचं मऊ तोंड फाटतं. रॉड उचला, वाकलेला ठेवा आणि एका लयीत रीळ फिरवत राहा. रॉड वर ओढून झपकन खाली टाकणं हे सिनेमात दिसतं, पण खाली टाकताना लाइनला ढील पडते आणि मासा डोकं झटकून मोकळा होतो. ड्रॅगच्या चकतीला (मासा ओढेल तेव्हा लाइन किती ताणाला सुटेल ते ठरवणारी रिळावरची चकती) हात लावू नका, ती कॅप्टनने लावलेली असते.

मासा बोटीजवळ आला की उत्साहाच्या भरात त्याचं डोकं पाण्याबाहेर उचललं जातं. हवेत आलेला वॉलाय डोकं झाडतो, आणि तिथेच तो गेला. त्याला पाण्याच्या पातळीवरच ठेवा, रॉड घेऊन एक-दोन पावलं मागे सरका, म्हणजे तो डोक्याच्या बाजूने जाळीत शिरेल. जाळी कॅप्टनच्या मदतनीसाच्या हातात असू द्या. आत आलेला मासा उघड्या हाताने धरू नका: दात तीक्ष्ण, कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार, पाठीच्या पराला काटे, शिवाय तिहेरी गळ लटकत असतो.

दोन लाइन गुंतल्या तर ओढाताण न करता हाक मारा.

मळमळ

गोळी बोटीवर चढल्यावर नाही, निघण्याआधी तासभर घ्यायची. कोणती ते डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा, लहान मुलांसाठी तर नक्कीच. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि मिसळ-वड्यावर ताव मारूनही जाऊ नका. कोरडी पोळी, केळं ठीक (काही कॅप्टन बोटीवर केळं अपशकुनी मानतात, म्हणून ते धक्क्यावरच संपवा). गरगरायला लागलं तर केबिनमध्ये आडवं होऊ नका, फोन ठेवून द्या, मागच्या बाजूला मोकळ्या हवेत उभं राहून क्षितिजाकडे बघा.

घरी नेताना

रिकामा कूलर आणि पुरेसा बर्फ गाडीत ठेवाच, हे हमखास विसरतं. किनाऱ्यावर मासे साफ करून देणारी दुकानं आहेत. मदतनीसाची टीप साधारण भाड्याच्या 15 ते 20 टक्के धरतात, ती आधीच वर्गणीत मिळवा.

वॉलायचं मांस पांढरं, सौम्य, पापुद्र्याचं. सुरमईच्या हिशेबाने कालवणात उकळत ठेवलात तर भुगा होतो. आधी रस्सा उकळून घ्या आणि तुकडे शेवटी सोडा. तळायचा तर हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचं आगळ लावून दहा-पंधरा मिनिटं, वर रवा, मध्यम आंच. घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर किती वेळा खावा याबद्दल ओहायो राज्याचा सल्ला बघून घ्या, कारण पाऱ्याचा अंश मोठ्या माशात जास्त साठतो. आणि साफ करून घेताना गालांचे तुकडे मागायला विसरू नका. मोठ्या वॉलायचे गाल बोटभर असतात, काटा नसतो, आणि न मागता मिळतीलच असं नाही.