आधी क्रियापदं मोजा, मग 'ॲण्ड'कडे बघा

इंग्रजी वाक्यांच्या प्रकारांत सिम्पल म्हणजे केवल, कॉम्प्लेक्स म्हणजे मिश्र, कम्पाउंड म्हणजे संयुक्त, हे बारावीपर्यंत सगळ्यांचं पाठ झालेलं असतं. तरीही पेपरातल्या 'डू ॲज डायरेक्टेड' (सूचनेप्रमाणे वाक्य बदला) या प्रश्नातला हातचा गुण जातो, कारण वाक्य समोर आलं की आपण आधी जोडणारा शब्द शोधतो. गाइडातला तक्ताही तेच शिकवतो: 'ॲण्ड' दिसला की कम्पाउंड, 'आफ्टर' दिसला की कॉम्प्लेक्स. सुरुवातीला तो तक्ता हातात घेऊच नका.

'ही लेफ्ट आफ्टर द मीटिंग' आणि 'ही लेफ्ट आफ्टर द मीटिंग एंडेड' ही दोन वाक्यं शेजारी लिहून बघा. पहिल्यात 'आफ्टर'पुढे नुसतं नाम आहे, म्हणून वाक्य सिम्पल. दुसऱ्यात 'आफ्टर'पुढे कर्ता आणि क्रियापद दोन्ही आहेत, म्हणून कॉम्प्लेक्स. 'बिफोर', 'सिन्स', 'अनटिल' असेच दोन्हीकडे राबतात. 'ॲण्ड'ही तितकाच फसवा. 'राम ॲण्ड श्याम आर ब्रदर्स' सिम्पल आहे, कारण तिथे फक्त दोन नामं जोडली आहेत. 'ही सेड दॅट ही वॉज टायर्ड ॲण्ड दॅट ही वुड रेस्ट' हे कॉम्प्लेक्स, कारण 'ॲण्ड'ने जोडलेली दोन्ही वाक्यं 'सेड'वरच अवलंबून आहेत.

म्हणून मोजायची ती फायनाइट, म्हणजे काळाप्रमाणे रूप बदलणारी क्रियापदं. ओळखायची कशी? वाक्याचा काळ बदला. जे क्रियापद बदलतं ते मोजा, जे तसंच राहतं ते सोडा. 'ही वॉन्ट्स टू गो' भूतकाळात नेलं की 'ही वॉन्टेड टू गो' होतं. 'गो' हललाच नाही, म्हणून मोजणी एक. 'द लेटर रिटन बाय हर रीच्ड मी' वर्तमानात आणा: 'रीच्ड'चं 'रीचेस' होईल, 'रिटन' जागचा हलणार नाही. इथेही एकच. 'हॅज बीन वर्किंग' तीन शब्दांचं असलं तरी क्रियापद एकच आहे. आणि 'आय नो ही इज ऑनेस्ट' यात जोडणारा शब्द दिसतच नाही, पण मोजणी दोन येते. 'दॅट' गाळलेला आहे, वाक्य कॉम्प्लेक्स. तक्त्यावर भिस्त ठेवणारे नेमके इथे सिम्पल लिहून येतात.

मोजणी एक आली की सिम्पल, काम संपलं. दोन किंवा जास्त आली तरच जोडणारा शब्द बघायचा. 'फॉर, ॲण्ड, नॉर, बट, ऑर, येट, सो' यांपैकी एखाद्याने दोन स्वतंत्र वाक्यं जोडली असतील तर कम्पाउंड. एक वाक्य दुसऱ्याच्या आधाराने उभं असेल तर कॉम्प्लेक्स. 'ही वॉज टायर्ड, सो ही स्लेप्ट' कम्पाउंड. 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही स्लेप्ट' कॉम्प्लेक्स. 'ही वॉज टू टायर्ड टू वॉक' सिम्पल.

वाक्याचं मनात मराठी करून प्रकार ठरवणं तर सरळ चुकीचं. 'पाऊस थांबल्यावर आम्ही निघालो' हे मराठीत केवल वाक्य आहे, पण 'व्हेन द रेन स्टॉप्ड, वी लेफ्ट' हे कॉम्प्लेक्स. मराठीचं धातुसाधित (क्रियापदापासून झालेलं 'थांबल्यावर'सारखं रूप) जिथे एका वाक्यात भागवतं, तिथे इंग्रजी पुष्कळदा दुसरं वाक्य उभं करते. हा गोंधळ तुमच्या कच्चेपणाचा नाही, दोन भाषांच्या घडणीतला फरक आहे. रोज १० वाक्यांत फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा, जोडणारे शब्द बोटाने झाकून. काही दिवसांत नजर आपोआप क्रियापदावर जाते.

एका ठिकाणी मात्र व्याकरणकारांचंच एकमत नाही. 'शी ओपन्ड द डोअर ॲण्ड वेंट आउट' यात क्रियापदं दोन, कर्ता एक. आपल्या शालेय पद्धतीत 'हॅविंग ओपन्ड द डोअर, शी वेंट आउट' याचं कम्पाउंड करा म्हटलं की हेच उत्तर चालतं. परदेशी पुस्तकांत बहुधा याला सिम्पल म्हटलेलं आढळेल, कारण दुसऱ्या क्रियापदाला स्वतःचा कर्ता नाही. बोर्डाच्या पेपरात कम्पाउंड लिहा.